वस्तुसंग्रहालयाची सेवा : एक विचारार्ह शिक्षणमार्ग
(वार्षिक स्नेहसंमेलनातील गुणगौरव समारंभप्रसंगी केलेले भाषण)



आज गौरव झालेल्या विद्यार्थ्यांचे लक्ष आम्ही एका कमी वर्दळीच्या मार्गाकडे वेधू इच्छितो.

आरंभी आमचीच एक चूक सांगतो. घरच्या दप्तरातील मोडी कागद फाटू लागले, तेव्हा आम्ही ते मोठ्या काळजीने चिकटपट्टीने सांधले. काही वर्षांनी पट्टीचा चिकटा पिवळा पडून कागदात मुरला आणि अक्षरे डागाळली. आजोबांनी वाळवीपासून राखलेले धन आमच्या मायेने नासले. मायेला शास्त्राची जोड हवी, हे आम्हांस तेव्हा उमगले.

हे शास्त्र रीतसर शिकविले जाते. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात संग्रहालयाची इमारत १८९४ साली पुरी झाली. तेथील विद्यापीठात १९५२ साली संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर विभाग निघाला. १९५९ साली कलकत्ता विद्यापीठातही तसा विभाग सुरू झाला. वस्तू कशी हाताळावी, तिची नोंद कशी ठेवावी, दमटपणा, ऊन व कसर यांपासून तिला कसे जपावे, तिची मांडणी कशी करावी आणि शाळकरी मुलास ती कशी समजावून द्यावी, हा या विद्येचा विषय. येथे इतिहासाच्या पदवीधराइतकेच रसायनशास्त्राच्या पदवीधरासही काम आहे. कारण नाणे वाचणे जितके अगत्याचे, तितकेच त्यावरील गंज ओळखणेही.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते यांसारख्या घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि पुढे तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका माणसाचा ध्यास संग्रह उभा करतो. तो पुढील पिढ्यांसाठी टिकवावयास शिकलेले हात लागतात.

या क्षेत्रात जागा थोड्या, आणि त्यांची वाट पाहावी लागते, हे आम्ही लपवीत नाही. म्हणून विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वी एखादी सुटी जवळच्या संग्रहालयात काम करून पाहावे, आपला मूळ विषय पक्का करावा आणि मोडी लिपी शिकून घ्यावी.

पालकांस विनंती इतकीच, की मुलाने वा मुलीने हा मार्ग सुचविल्यास ‘पुढे काय?’ असे अवश्य विचारावे; परंतु उत्तरही ऐकून घ्यावे. आपल्या मंडळाने दरवर्षी एक शिष्यवृत्ती या विद्येसाठी राखावी, अशी सूचना आम्ही नम्रपणे मांडतो. तोवर घरोघरच्या दप्तरांस कोणी चिकटपट्टी लावू नये, एवढे जरी आज ठरले, तरी आमच्या चुकीचे सार्थक झाले असे आम्ही समजू.