स्क्रीनवर न दिसणारं एन्टर

ज्यांचं असेम्ब्लीचं प्रॅक्टिकल तोंडावर आलंय, त्यांनी आज जरा कान देऊन ऐका.

माझ्या परीक्षेत चिठ्ठी निघाली: ८०८६ वर पॅलिंड्रोम तपासा. म्हणजे शब्द उलटा वाचला तरी तोच राहतो का. म्हटलं, सुटलो! जर्नलमधला प्रोग्रॅम पाठच होता. टॅसमने एकही एरर दिली नाही. इंग्रजीत मॅडम टाइप केलं, एम-ए-डी-ए-एम, आणि उत्तर आलं 'नॉट पॅलिंड्रोम'. परत चालवलं, तेच. नुसता एक ए टाकला, तरी तेच! आता एक अक्षर उलटं वाचून बदलेल कसं? तोवर एक्सटर्नल शेजारच्या टेबलापाशी आले होते.

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. लूपशी खेळत बसलो. जेईचं जेएनई, इंकचं डेक. अर्धा तास गेला. लूपचा काही दोषच नव्हता हो!

शेवटी टर्बो डिबगर उघडला. एफ-८ दाबत इनपुटच्या पुढे आलो आणि डंपमध्ये बफर बघितला: १४ ०५ ४डी ४१ ४४ ४१ ४डी ०डी.

हे नीट वाचा. डॉसच्या इंटरप्ट २१एचचं ०एएच फंक्शन स्ट्रिंग घेतं, तेव्हा पहिला बाइट आपण भरायचा: जागा किती. १४ हेक्स म्हणजे २०, एन्टर धरून, म्हणजे अक्षरं १९ च. दुसरा बाइट डॉस भरतं: अक्षरं किती आली. इथे ५. मग अक्षरं. आणि सगळ्यात शेवटी ०डी, म्हणजे तुम्ही दाबलेलं एन्टर. ते त्या ५ मध्ये मोजलेलं नसतं, पण बफरमध्ये बसलेलं असतं.

माझा डीआय होता बफर अधिक २ अधिक ५. म्हणजे थेट ०डीवर! पहिल्या एमची तुलना एन्टरशी चालली होती. एक 'डेक डीआय' टाकलं आणि काम झालं.

गंमत म्हणजे खूण आधीपासून समोरच होती. 'नॉट पॅलिंड्रोम' हे मी टाइप केलेल्या शब्दावरच छापलं जात होतं. कारण ०एएच एन्टरनंतर कर्सर त्याच ओळीच्या सुरुवातीला नेतं, खालच्या ओळीवर नाही. मेसेजच्या आधी ०डी, ०ए छापावं लागतं. मी ते 'दिसायला वाईट' म्हणून सोडून दिलं होतं.

सर आले. "टाइप केलेला शब्द छापून दाखव." ०९एच फंक्शन डॉलरचं चिन्ह सापडेपर्यंत छापतच राहतं, म्हणून त्या ०डीच्याच जागी डॉलर ठेवला. छापलं बरोबर. मग सरांनी कोडवर बोट ठेवलं, "संख्या बीएलमध्ये घेतलीस, पत्ता बीएक्सने काढलास. बीएच शून्य कुठे केलंस?"

केलंच नव्हतं. त्यात नशिबाने शून्य होतं, म्हणून चाललं. मार्क कापलेच.

त्या बीएचबद्दल पुढच्या भागात बोलू. भेटूया!