दसऱ्याचा झेंडू : आधी पंचांग, मग पाऊस



थंड देशांत फुलझाडं लावणाऱ्यांना एका तारखेची फार काळजी असते. हिवाळा सरताना दव शेवटचं कधी गोठेल, ती तारीख. शिकागोच्या बाजूला राहणारी आपली मराठी माणसंसुद्धा मे महिना उजाडल्याशिवाय झेंडूचं रोप अंगणात लावत नाहीत. एका रात्रीच्या गोठलेल्या दवानं कोवळं रोप काळं पडतं. आपल्या केजला ही भीती नाही. इथे गारठा पडतो, पण झेंडू मरावा इतका नाही. आपलं भय वेगळं आहे. ते आहे सप्टेंबरअखेरच्या पावसाचं, आणि दसऱ्याच्या तारखेचं.

पाऊस पडला, वाफसा आला की हात शिवशिवतात आणि आपण लागण करून मोकळे होतो. सोयाबीनला ते चालतं. झेंडूला नाही. झेंडूचा भाव दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत असतो; दसऱ्याच्या संध्याकाळी तीच फुलं रस्त्याच्या कडेला पडलेली दिसतात. म्हणून झेंडूचा हिशेब दसऱ्यापासून मागे मोजत यायचा.

आणि हा दसरा एका जागी थांबत नाही. २०२३ साली तो २४ ऑक्टोबरला होता, २०२४ ला १२ ऑक्टोबरला, २०२५ ला २ ऑक्टोबरला. दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे. मग अधिक महिना येतो आणि सण पुढे ढकलतो; २०२६ ला अधिक ज्येष्ठ, म्हणून दसरा २० ऑक्टोबरला. झेंडू मुळात मेक्सिकोचा. तिथेही मृतांच्या स्मरणाच्या सणाला त्याच्या राशी लागतात, पण तो सण ठरलेला, १ आणि २ नोव्हेंबरचा. तिकडच्या शेतकऱ्याला एकदा बसवलेला हिशेब दरवर्षी चालतो. आपल्याला तो दर साली नव्यानं मांडावा लागतो.

तो असा. गादीवाफ्यावर रोप तयार व्हायला पंचवीस दिवस. लागणीपासून पहिल्या तोड्यापर्यंत जातीप्रमाणे पंचेचाळीस ते साठ दिवस. आपण पन्नास धरू. शेंडा खुडला तर फुटवे वाढतात, फुलं वाढतात, पण तोडा आठवडाभर लांबतो, हे पुष्कळजण विसरतात. पहिल्या तोड्याला माल थोडा असतो, तेव्हा तो बाजाराच्या आठ दिवस आधी यायला हवा. म्हणजे २० ऑक्टोबरच्या दसऱ्यासाठी बी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात टाकायचं आणि लागण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात करायची. २ ऑक्टोबरचा दसरा असेल तर बी १ जुलैच्या आसपासच पडायला हवं. त्या वेळी आपल्याकडे पावसाचा भरवसा नसतो, तेव्हा विहिरीला किंवा बोअरला पाणी असेल त्यानंच या वाटेला जावं.

खरी मेख पुढेच आहे. परतीचा पाऊस मराठवाड्यातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघतो. दसरा लवकर आला की ऐन तोडा पावसात सापडतो. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस बीड जिल्ह्यात काय झालं ते सांगायला नको. पिकंच काय, मातीही वाहून गेली, आणि दसरा आठ दिवसांवर आलेला. पाणी धरलेलं फूल जड होतं, आतून कुजतं, करंडीत एक रात्रही टिकत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की दसरा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात असेल त्या साली सगळं रान त्याच्यासाठी लावू नये. अर्धं दसऱ्याला, अर्धं पंधरा दिवस उशिरा लावून दिवाळीला. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजन एकोणीस-वीस दिवसांवर येतं, ते अंतर काही बदलत नाही. आणि तोवर आभाळ बहुधा मोकळं झालेलं असतं. उशिरा लावलेल्या झेंडूला आणखी एक गोष्ट साथ देते. दिवस लहान होत गेले की तो कळी लवकर धरतो. शेवंती तर याबाबत फारच काटेकोर; तिला दिवस पुरेसे लहान झाल्याशिवाय फुलायचंच नसतं, त्यामुळे तिची तारीख आपण फारशी हलवू शकत नाही.

जमिनीचंही पाहा. मांजरेच्या काठची काळी जमीन पाणी धरून ठेवते. तिथे झेंडू वरंब्यावरच लावावा, सऱ्यांचं पाणी बाहेर निघेल अशी वाट ठेवावी. नाहीतर मुळं कुजून उभी झाडं मरतात. बालाघाटाच्या अंगाची मुरमाड रानं या पिकाला उलट बरी. तिथे पाऊस जास्त झाला तरी निचरा होतो, फक्त उघडीप लांबली की पाणी द्यावं लागतं.

तोडा उन्हं चढण्यापूर्वी, पण फुलावरचं दव सुकल्यावर करावा. माल ताजा दिसावा म्हणून फुलांवर पाणी मारून ती पोत्यात दाबू नका. लातूरला पोचेपर्यंत चालेल एखादवेळ, पुण्या-मुंबईच्या रात्रीच्या गाडीत ती तापतात. आणि गाडी दसऱ्याच्या दोन दिवस आधी निघायला हवी, आदल्या रात्री नव्हे.