यकृतातील चरबी आणि घरातील दाता



"आमच्या घरात दारूचा थेंब नाही, मग यकृत कशाने बिघडेल?" हा प्रश्न आपल्याकडे नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर आपल्या ताटात व बैठ्या दिनक्रमात आहे. यकृतात ५ टक्क्यांहून अधिक चरबी साठली म्हणजे त्यास फॅटी लिव्हर म्हणतात. वाढते पोट, मधुमेह, अति साखर व तळीव पदार्थ ही त्याची प्रमुख कारणे होत. दुखत नाही, म्हणून ते कळत नाही. सर्वांचेच यकृत निकामी होते असे नाही. परंतु काहींच्या यकृतास सूज येते, व्रण पडतात आणि ते कठीण होते. हाच सिरोसिस. तो बळावला की अखेर प्रत्यारोपणच उरते.

थॉमस स्टार्झल ह्यांनी १९६३ साली अमेरिकेत यकृत-प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. १९६७ साली त्यांना यश आले. भारतात १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला व १९९८ साली दिल्लीत पहिले यशस्वी यकृत-प्रत्यारोपण झाले. आपल्या देशात बहुतेक वेळा जवळचे नातलगच यकृताचा भाग देतात. निरोगी दात्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत पुन्हा वाढते, ही निसर्गाची किमया आहे.

पण खरी मेख येथेच आहे. बाप आणि मुलगा एकाच चुलीवरचे जेवतात. बापासाठी मुलगा पुढे येतो आणि तपासणीत त्याच्याही यकृतात चरबी निघते! ती ३० टक्क्यांहून अधिक असली तर बहुधा त्याला नकार मिळतो. कारण असे यकृत रक्तपुरवठा थांबल्याचा ताण नीट सोसत नाही. घेणाऱ्याला धोका आणि देणाऱ्यालाही. मेंदूमृत दात्याचे यकृतही अति चरबीमुळे वाया जाते. शिवाय जुन्या सवयी सुटल्या नाहीत तर नव्या यकृतातही चरबी साठते.

तथापि निराश होऊ नका. आहार व व्यायामाने काही आठवड्यांत चरबी घटवून अनेकांनी यकृत दिले आहे. वजन ७ ते १० टक्के उतरले, म्हणजे ८० किलोच्या माणसाचे ६ ते ८ किलो, तर यकृताची सूजही ओसरू शकते.

म्हणून मधुमेही व स्थूल व्यक्तींनी डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ततपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी. आपल्या मानोऱ्याच्या शिवारातील ज्वारी आणि तूर ताटात असू द्या. शीतपेये व बेकरीचे पदार्थ कमी करा. मुलांनो, शक्य असेल त्यांनी शाळेत पायी या. उद्या घरात कोणावर वेळ आलीच, तर देणारा हात सक्षम असला पाहिजे; आणि ती वेळच न येणे हे त्याहून उत्तम.