परदेशस्थ मुले आणि गावची जमीन



पोटापाण्यासाठी आपण महाराष्ट्र सोडला. आपली मुले त्याहीपुढे, सातासमुद्रापलीकडे गेली. कित्येकांनी तेथील नागरिकत्वही पत्करले. तेव्हा गावच्या जमिनीवरील त्यांचा हक्क संपला की काय, ही शंका आपणांपैकी अनेकांस भेडसावते. तिचे निरसन करावे, एवढाच आमचा हेतू.

हक्क संपत नाही. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांन्वये ओसीआय कार्डधारकास भारतात घर वा दुकान विकत घेता येते. शेतजमीन, चहा-कॉफीचे मळे वा फार्महाऊस मात्र घेता येत नाही. परंतु वडिलोपार्जित शेतजमीन वारसाहक्काने त्याच्याकडे येऊ शकते. पुढे ती विकावयाची झाल्यास भारतात राहणाऱ्या व्यक्तीसच विकावी लागते.

अडचण उभी राहते ती कागदपत्रांची. सातबाऱ्यावर अद्याप पणजोबांचेच नाव असेल, तर दूरदेशीच्या नातवाने काय करावे? म्हणून आपण हिंडतेफिरते आहोत तोवर वारसनोंदी पुऱ्या कराव्यात आणि मृत्युपत्र लिहून ठेवावे. मुलांनी परदेशातून पाठविलेले मुखत्यारपत्र येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे.

मुलांच्या पदरी जमीन पडावी, तिचा गुंता पडू नये, एवढीच आमची विनंती.