अफवेचं जाळं

१ जुलै २०१८. आमच्याच धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय, ही मोबाइलवरून फिरलेली अफवा खरी मानून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं.

मी सोनगीरचा. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. इथं परका माणूस नवा नाही. तरी प्रश्न पडला, अफवा एवढी धावते कशी? मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा. उत्तराचा धागा मात्र गणितात सापडला.

१९२७ साली करमॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोघांनी साथीची समीकरणं मांडली. ती पडताळायला त्यांनी आकडे घेतले आपल्या मुंबईतल्या १९०५-०६च्या प्लेगच्या मृत्यूंचे. पुढं १९६४ मध्ये डेली आणि केंडॉल यांनी अफवेचं गणित वेगळं केलं. रोगी त्याच्या मुदतीनं बरा होतो. अफवा सांगणारा गप्प बसतो तो समोरचा ‘हे ठाऊक आहे रे’ म्हणाला की. सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात असं धरलं, तर शंभरातल्या सुमारे वीस जणांपर्यंत अफवा पोचतच नाही.

मोबाइलवर समोरच्याचा कंटाळलेला चेहरा दिसत नाही. तो लगामच गेला.

शिवाय सगळे सगळ्यांना सारखे भेटतात कुठं? भांडी घडवणाऱ्या तांबटाची उठबस मोजक्यांत, एस.टी. थांब्यावरच्या चहावाल्याची शेकडोंशी. माणूस म्हणजे गाठ, ओळख म्हणजे धागा. काही गाठींना अफाट धागे असले, तर अगदी अशक्त साथही जाळ्यात तग धरते, हे २००१ मध्ये पास्तोर-सातोरास आणि व्हेस्पिन्यानी यांनी दाखवलं. राईनपाड्यात अफवेला असे धागे कितीतरी होते. परगावच्या भिक्षेकऱ्याला त्या बाजारात एक तरी धागा कुठला?

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं धाडता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. धागे कापण्याचाच तो उपाय. पण मला आवडली ती २००३ सालची एक युक्ती. साथीत लस थोडी असेल तर कुणालाही गाठा, त्याच्या एका ओळखीच्याचं नाव विचारा आणि लस त्या ओळखीच्याला द्या. जास्त धाग्यांच्या माणसाचं नावच जास्त वेळा निघतं. गावाचा नकाशा लागत नाही.

अफवेलाही हे लागू करून बघावं. सोनगीरच्या बाजारात दहा जणांना एकेक नाव विचारलं, तर चहावाला, न्हावी, पानवाला यांतलं कुणीतरी निघेलच. खरी बातमी आधी त्याच्या कानावर घालायची, दवंडी मागाहून.