चौसष्ट घरांचा संगणक



संगणकावर बोलायला कवी कशाला, असं आपल्याला वाटत असेल. वाटणं रास्त आहे. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठीत लिहिणाऱ्यांची कितीतरी अक्षरं या यंत्राच्या पोटात गेली आहेत आणि ते यंत्र आता कूस बदलतं आहे. तेव्हा त्या अक्षरांची विचारपूस कुणीतरी करायला हवी.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबला. २०२१ साली आलेली विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. लिनक्सच्या मोहल्ल्यातही तेच. उबुंटूने ३२-बिट डेस्कटॉपची तबकडी २०१७ सालीच बंद केली, आणि ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियनच्या आवृत्तीत ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. म्हणजे ज्यांच्या घरात अजून ३२-बिट नांदतं आहे, त्यांना आज ना उद्या बिऱ्हाड हलवायचं आहे.

हे ३२ आणि ६४ म्हणजे काय? बुद्धिबळाची ती गोष्ट आपल्याला ठाऊक असेल. पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत जा आणि तेवढं धान्य मला द्या, असं बक्षीस मागणारा तो शहाणा. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकान या चरित्रकाराने ती नोंदवून ठेवली आहे. अर्धा पट, म्हणजे ३२ घरं भरली की दाणे होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५. शून्य धरून एक वाढवा; ३२-बिट यंत्रणेला स्मृतीतल्या बरोबर तेवढ्याच घरांना क्रमांक देता येतात. यालाच आपण ४ जीबी म्हणतो. आणि पूर्ण पट भरला तर? वीस आकडी संख्या. राजाचं कोठार संपलं ते याच दुसऱ्या अर्ध्या पटावर.

गंमत अशी की आपल्यापैकी अनेकांच्या घरी पट पूर्ण आहे, डाव मात्र अर्ध्यावरच चालला आहे. दोन्ही बोली समजणारे प्रोसेसर एएमडी कंपनीने २००३ साली बाजारात आणले, मग इतरांनीही. पण दुकानदाराने त्यांवर ३२-बिट विंडोज भरून दिली, कारण तेव्हा तीच चालत होती. विंडोज १० असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट, एवढं उघडून बघा. '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स-६४ प्रोसेसर' असं लिहिलेलं दिसलं, तर तुमचं यंत्र माझ्या यंत्राचं सख्खं भावंड आहे. माझ्याकडे ४ जीबी स्मृती असून ३.२५च वापरण्याजोगी, असं ते वर्षानुवर्षं सांगत होतं. उरलेले क्रमांक ग्राफिक्ससारख्या इतर भागांसाठी राखून ठेवलेले.

"मामू, सोपं आहे," भाचा म्हणाला. सोपं आहेही, पण ३२वरून ६४वर वरच्यावर चढता येत नाही. जुन्या भिंतींवर नवा मजला चालत नाही, पाया खणावा लागतो. पेन ड्राइव्हवरून नवी यंत्रणा बसवायची, डिस्क पुसली जाते, प्रोग्रॅम पुन्हा टाकावे लागतात. त्यामुळे आधी सगळ्या फायलींच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. एक प्रत ही प्रत नसते, असं आमचे छापखानेवाले म्हणायचे. आणि स्मृती २ जीबीच असेल तर या खटाटोपाने वेग वाढेल ही आशा सोडा. ६४-बिट यंत्रणा खायलाही जास्त मागते.

नव्या घरात जुनं काय चालतं? ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट प्रोग्रॅम बहुधा सुखाने नांदतात, त्यांना वेगळं फोल्डर मिळतं. (त्यातही एक विनोद आहे: 'सिस्टिम ३२' नावाच्या फोल्डरात ६४-बिटचा कारभार असतो आणि नावात ६४ असलेल्या फोल्डरात ३२चा. दारांवरच्या पाट्या अदलाबदल झालेल्या वाड्यासारखं.) १६-बिटच्या जमान्यातले प्रोग्रॅम मात्र अजिबात चालत नाहीत. आणि ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर-स्कॅनरशी बोलणारे दुभाषे, ६४-बिटचेच लागतात. इथे तडजोड नाही.

आता मराठीच्या दुखण्याकडे येतो. युनिकोड रुळण्याआधी आपण जे टाइप केलं, ते फायलीत मराठी म्हणून साठवलेलंच नाही. साठवली आहेत इंग्रजी अक्षरांची घरं. फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की कवितेच्या जागी कंस, टिंबं, प्रश्नचिन्हं. फॉन्टची फाइल ६४-बिटवरही चालते, म्हणून वाचणं बहुधा जमतं. पण टाइप करण्याची जुनी सॉफ्टवेअर अनेकदा प्रिंटरच्या खाचेत लावायच्या एका कुलपावर चालत, त्याला डाँगल म्हणत. त्याचा ३२-बिट ड्रायव्हर नवी यंत्रणा दारातच अडवते. आमच्या गावातल्या एका डीटीपीवाल्या मित्राकडे दोन दशकांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंक अशा कुलपाआड आहेत. त्याने जुनं यंत्र इंटरनेटपासून तोडून कोपऱ्यात चालू ठेवलं आहे. मला हे शहाणपणाचं वाटतं. भंगारवाल्याला ते यंत्र देण्याची घाई कुणी करू नये.

माझ्या जवळपास दीडशे कविता अशाच जुन्या फॉन्टमध्ये होत्या. त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय डिस्क पुसायची नाही, असं मी भाच्याला बजावलं. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांचं काम नाजूक आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफार उलट: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणजे प्रत्येक ओळीत अक्षरांची जागा बदलावी लागते.

आणि मग आपला तो अर्धा र, ऱ्हस्वातला, तऱ्हेतला. हिंदीचा विचार करून बनवलेल्या प्रोग्रॅमला तो ओळखीचा नसतो, तो सरसकट रफार देऊन मोकळा होतो. माझ्या एका कवितेत सह्याद्रीच्या दऱ्या आहेत. रूपांतरानंतर तिथे दर्या आला. आमच्या घरात दर्या म्हणजे समुद्र. व्याकरण ठीक, वृत्तही जवळपास ठीक. फक्त डोंगरातून चाललेला माणूस एका ओळीत पाण्यात पडला. शब्दतपासनीस अशी चूक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. डोळ्यांनीच वाचावं लागतं, जुना छापील कागद शेजारी ठेवून.

विंडोज ११ माझ्या जुन्या प्रोसेसरला स्वीकारत नाही, म्हणून आम्ही ६४-बिट लिनक्स बसवली. तिच्यात देवनागरी पहिल्या दिवसापासून दिसते, इन्स्क्रिप्ट कळफलकही असतो. चारही जीबी आता जवळजवळ पूर्ण दिसतात. स्कॅनर मात्र अजून बोलत नाही. कवितांपैकी नव्वदेक तपासून झाल्या आहेत, रोज रात्री चार-पाच होतात. जुनी डिस्क तोवर कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे.