औषध कोणाचे, आणि पोचते कोठवर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



किनवटच्या तांड्यावर किंवा औशाच्या शिवारात मजुराच्या पोराला पिसाळलेले कुत्रे चावते. लस टोचली, तरी तिच्यामुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होण्यास आठवडा-दोन आठवडे जातात. तेवढ्या अवधीत विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकू शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर मरण जवळजवळ अटळ असते. म्हणून रक्त काढणाऱ्या चाव्यात लसीबरोबरच तयार प्रतिपिंडे जखमेत टोचावी लागतात.

पूर्वी ती घोड्याच्या वा माणसाच्या रक्तातून मिळवीत. घोड्याच्या सीरमचे काहींना वावडे. माणसाचे महाग आणि दुर्मिळ. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर व मिलस्टीन यांनी निराळी वाट काढली. प्रतिपिंडे करणारी पेशी अल्पायुषी, कर्कपेशी अखंड वाढणारी. दोघींच्या संकरातून एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी मिळू लागली. हीच मोनोक्लोनल अँटिबॉडी. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेतील या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. १९८४ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे मात्र या विद्येतून निघालेल्या औषधांभोवती कंपन्यांनी पेटंटांची कुंपणे घातली. स्तनांच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब हे त्याचे ठळक उदाहरण. २०१३ साली मूळ कंपनीने भारतातील पेटंटचा आग्रह सोडला, आणि त्याच वर्षी बेंगळुरूच्या बायोकॉनच्या समरूप औषधाला मान्यता मिळाली. मक्तेदारी सैल झाली की पर्याय उभे राहतात, हा त्याचा धडा. १९७० च्या पेटंट कायद्याने दिलेली मोकळीक २००५ च्या दुरुस्तीने आकुंचित झाली, हे विसरता येणार नाही.

परंतु पेटंटविरोधी घोषणेने काम संपत नाही. रेबीजवरील मोनोक्लोनल औषध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ पासून बाजारात आणले आहे. विद्या आहे, कारखाना आपल्याच राज्यात आहे. प्रश्न उरतो तो पुणे ते किनवट या अंतराचा. हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. आरोग्य केंद्रातील शीतपेटी बंद असेल वा साठा संपलेला असेल, तर मजुराने एक दिवसाची मजुरी बुडवून नांदेड गाठावे लागते. औषध बाहेरून आणायची चिठ्ठी मिळाली, तर कर्ज काढावे लागते.

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन साठ्याची नोंद पाहावी आणि ग्रामसभेत तिचा हिशोब मागावा. समाजवादाची कसोटी ठरावात नाही. त्या शीतपेटीत आहे.